जव्हारची मावशी

ही हकीकत सांगायची मी नऊ वर्षं टाळत आलो. कधी वेळ नाही म्हणून, कधी प्रकृती बरी नाही म्हणून, आणि बरेचदा काहीच कारण न देता. मागे एका कार्यक्रमात माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. जव्हार-मोखाड्याच्या कितीतरी मुलामुलींना ह्यांनी मुलाखतीला तयार केलं, असं निवेदकाने सांगितलं. टाळ्या वाजल्या. त्या दिवशी घरून निघतानाच ठरवलं होतं की माईक हातात आला की हे सांगून टाकायचं. माईक हातात आला, मी सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसलो. घरी आल्यावर बायकोने शाल घडी करून कपाटात ठेवली आणि विचारलं, "बोललात का?" मी नाही म्हणालो. तिने कपाट लावून घेतलं.

आता चौऱ्याहत्तर पूर्ण झाली. लिहिण्यात एक सोय आहे, समोर कोणी बसलेलं नसतं. म्हणून लिहितो आहे.

मी जव्हारचाच. आमचं घर बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत. नोकरी सगळी कचेरीत गेली. कारकून म्हणून लागलो, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. भरती असली की उमेदवारांची कागदपत्रं तपासून त्यांना एकेक करून आत सोडायचं काम माझ्याकडे असे. दार लोटलेलं असलं तरी आतलं सगळं ऐकू यायचं. साहेब बदलत गेले, प्रश्न तेच राहिले. स्वतःबद्दल सांगा. हेच काम का करावंसं वाटतं? तुमची कमजोरी कोणती? मध्ये शिक्षणात खंड का पडला? आणि शेवटी, तुम्हाला काही विचारायचं आहे का?

नाशिक-ठाण्याकडून आलेला मुलगा ह्या प्रश्नांना तयार असायचा. आमच्या पाड्यावरचा मुलगा ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की आपलं नाव सांगायचा, बापाचं नाव सांगायचा, गाव सांगायचा आणि गप्प व्हायचा. त्याच्या दृष्टीने उत्तर संपलेलं असायचं. आतले साहेब घड्याळाकडे बघायचे. मी दाराबाहेर उभा राहून मनातल्या मनात त्याला म्हणायचो, अरे बोल की, तुला येतंय सगळं.

म्हणून निवृत्तीनंतर घराच्या पुढच्या खोलीत मी शिकवायला बसलो. पैसे घेत नव्हतो. संध्याकाळी पाचला पाच-सात जण यायचे. एक हातांची लाकडी खुर्ची मी भिंतीपासून दूर, खोलीच्या मधोमध ठेवली होती. तिच्यावर बसून प्रश्नांची उत्तरं द्यायची. बायको मधेच चहाचा कप पुढे करायची, कारण मुलाखतीत चहा विचारला तर घ्यायचा की नाही, घेतला तर बशीत ओतायचा की नाही, ह्याचाही सराव मी करून घ्यायचो. रविवारी सकाळी सगळ्यांना शिरपामाळावर न्यायचो. तिथे वारा असतो, वाऱ्यात आवाज चढवावा लागतो. एकजण एका टोकाला उभा राहून ‘स्वतःबद्दल’ सांगायचा आणि दुसऱ्या टोकावरून मी मान हलवायचो. शिवाजी महाराजांचा मुक्काम झालेली जागा बघायला आलेले पाहुणे आमच्याकडेच बघत राहायचे. एकदा एका गृहस्थांनी नाटकाची तालीम आहे का, असं विचारलं होतं.

माझे नियम ठरलेले होते. पाड्याचं नाव घ्यायचं नाही, तालुका सांगायचा. ‘नाय’ म्हणायचं नाही, ‘नाही’ म्हणायचं. कमजोरी विचारली तर म्हणायचं, ‘मी कामात इतका बुडून जातो की वेळेचं भान राहत नाही.’ हे वाक्य मी एका पुस्तकात वाचलं होतं आणि मला ते फार हुशारीचं वाटलं होतं. बायको एकदा आतून म्हणाली, "तुमची सगळी पोरं एकच कमजोरी घेऊन जन्माला आली का हो?" मुलं हसली. मी हसलो नाही.

आणि शेवटचा नियम म्हणजे भट्टीचं नाव काढायचं नाही.

भाताची, नागली-वरईची कापणी उरकली की दिवाळीनंतर आमच्याकडची गावंच्या गावं रिकामी होतात. भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर माणसं जातात आणि मिरगाच्या आधी परत येतात. त्याला इकडे ‘जगायला जाणं’ म्हणतात. नवराबायको जातात, म्हातारे घर राखतात आणि मुलं आईबापांबरोबर जातात. त्यामुळे शाळेच्या दाखल्यात वर्षं गळलेली असतात. कोणी दहावीला एकोणीस वर्षांचा, कोणाची बारावी दोनदा अर्धी राहिलेली. खंड का पडला ह्या प्रश्नाला ही मुलं खाली बघायची. मी त्यांना वर बघायला शिकवलं, पण त्यासाठी दुसरं उत्तर दिलं. आजारपण सांग. आजोबांची सेवा सांग. मला खरंच वाटायचं की मी त्यांची अब्रू राखतो आहे. कचेरीतल्या माणसाला चिखलातलं काम ऐकायला आवडत नाही, हे मी कोणाला विचारून ठरवलं नव्हतं. मला स्वतःला ऐकायला आवडत नव्हतं, एवढंच.

ती मुलगी आमच्याच तालुक्यातल्या वांगणीची. श्रावणात पहिल्यांदा आली. वावर गावापर्यंत चालत आणि पुढे जीपने, म्हणजे पावसात तीन तास. चपला हातात घेऊन दाराबाहेर उभी होती आणि आत या म्हटल्यावर आधी पाय धुवायला पाणी मागितलं. वय तेवीस. बारावी झालेली, बाहेरून बी.ए.ची दोन वर्षं झालेली. दाखल्यात तीन ठिकाणी खंड.

मोखाड्याला एक खाजगी संस्था भट्टीवर जाणाऱ्यांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू करणार होती. आईबाप गेले तरी मुलं दिवाळी ते मे तिथे राहतील आणि शाळा बुडणार नाही, अशी कल्पना होती. मुलांबरोबर राहणारी एक बाई त्यांना हवी होती. मुलाखत दिवाळीच्या आधी होती. तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं की ही नोकरी लागली तर ती जगायला जाणार नाही आणि नाही लागली तर दिवाळीनंतर गाडी येईल तीत बसावं लागेल. आईला दम लागत होता. बापाच्या बरोबरीने विटा थापायला घरात दुसरं कोणी नव्हतं.

"पाच वर्षांची होते तवापासून जाते, बाबा," ती म्हणाली. "आता पुरे झाला."

तिच्यावर मी मेहनत घेतली. शिकण्यात ती सगळ्यांत पुढे होती. सांगितलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी स्वल्पविरामासकट परत करायची. ‘नाय’चं ‘नाही’ पंधरा दिवसांत झालं. शिरपामाळावर तिचा आवाज सगळ्यांत लांब पोचायचा. राहता राहिला खंड. तिने विचारलं, "भट्टीवर होते असा सांगू का? संस्था भट्टीवाल्यांच्याच पोरांची हाय." हे तिने विचारलं होतं, हे मला लिहिलंच पाहिजे. इतकं सरळ होतं ते. आणि मी म्हणालो, "मुलांना सांभाळायला त्यांना शिकलेली, बाहेरचं बघितलेली बाई हवी असणार. भट्टीवरची नको असणार. तू असं सांग की त्या वर्षांत आजारी मावशीकडे जव्हारला राहायला होते."

"मला जव्हारला मावशी नाय, बाबा."

"त्यांना कुठे माहीत आहे."

ती मावशी माझी. मीच जन्माला घातली, तिला संधिवात दिला, तिच्या औषधाच्या वेळा दिल्या. फक्त एक द्यायचं राहिलं. मावशी जव्हारात राहते कुठे, हे मी सांगितलं नाही.

मुलाखतीला संस्थेचे विश्वस्त म्हणून एक निवृत्त डॉक्टर बसले होते. त्यांची माझी जुनी ओळख. त्यांचा दवाखाना अनेक वर्षं जव्हारात होता आणि गावातली प्रत्येक आळी, प्रत्येक दुखणारा गुडघा त्यांना पाठ होता. त्यांनी सहज विचारलं, मावशी कुठल्या आळीत? मग विचारलं, औषध कोणाचं चालू होतं? ती गप्प. मग बाकीच्यांनी विषय बदलायचा म्हणून कमजोरी विचारली, तर तिने वेळेचं भान राहत नाही हे सांगितलं. त्या दिवशी माझ्याकडच्या तीन मुली मुलाखतीला होत्या. तिघींनी एकच वाक्य म्हटलं होतं. आतले लोक हसले.

हे मला दोन दिवसांनी डॉक्टरांकडूनच कळलं. बाजारात भेटले, आम्ही चहाला बसलो.

"अण्णा, ती वांगणीची मुलगी चुणचुणीत होती हो. आम्ही घेणारच होतो. पण खोटं बोलली. जिच्या ताब्यात चाळीस लेकरं द्यायची ती पहिल्याच दिवशी खोटं बोलते म्हटल्यावर काय करणार? कागदावर तसं लिहावं लागलं." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमच्याकडेच होती ना शिकायला? तुम्हाला कल्पना होती?"

हा माझा प्रश्न होता. आयुष्यात मला विचारलेला सगळ्यांत सोपा प्रश्न, आणि उत्तर एका शब्दाचं होतं.

मी म्हणालो, "मला कशी असणार? मुलं सांगतात ते आपण धरून चालायचं."

चहा संपवला. ते गेल्यावर मी तिथेच बसून राहिलो. उठून त्यांच्यामागे जायला दहा पावलं पुरली असती.

दिवाळी झाली. भाऊबीजेनंतर चार-पाच दिवसांनी मी दुपारी भाजी घेऊन परतत होतो. स्टँडजवळच्या चौकात माणसांनी भरलेला ट्रक थांबला होता. वर गाठोडी, भांडी, एक पिंजरा, त्यात कोंबड्या. गाठोड्यांवर ती बसली होती, आई तिच्या खांद्याला टेकलेली. तिने मला आधी बघितलं. दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि हसली, जशी रोज खोलीत शिरताना हसायची तशीच. मी खाली वाकलो आणि चपलेचा अंगठा नीट करू लागलो. अंगठा शाबूत होता. ट्रक निघाल्याचा आवाज आल्यावर मी सरळ झालो.

घरी बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डॉक्टरांचं घर काही लांब नाही." मी गेलो नाही. त्या हिवाळ्यात मी वर्ग नेहमीसारखा चालवला, मात्र मावशी पुन्हा कोणाला दिली नाही.

ती परत आली ती पुढच्या भादव्यात. पिशवीत रानातल्या काकड्या होत्या. हाताला भेगा पडल्या होत्या आणि वजन उतरलं होतं. काकड्या बायकोच्या हातात देऊन ती खोलीत आली. खुर्चीवर न बसता जमिनीवर बसली.

"बाबा, तीच जाहिरात परत आली हाय. पहिली बाई सोडून गेली. मी भरते."

मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली. मी म्हणालो की तिथे तुझ्याबद्दल कागदावर लिहिलेलं आहे, ते उघडतील, कशाला अपमान करून घेतेस, दुसरीकडे बघू. अंगणवाडीचं बघू. मी बरंच बोललो. ती ऐकत होती. जिला मी वर बघायला शिकवलं होतं ती आता वर बघत होती आणि मी खाली बघत होतो.

"खोटा का बोलले तां विचारतील," ती म्हणाली. "तां मी सांगंन."

माझ्या गप्प बसण्यातून तिला जे कळायचं ते कळलं असणार. एखाद्या लेकराची समजूत घालावी तशा आवाजात ती म्हणाली, "तुमचा नाव नाय घेणार, बाबा."

मी ‘घे’ म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "चहा घेऊन जा."

तिची दुसरी मुलाखत मला शब्द न् शब्द माहीत आहे, कारण डॉक्टर ती पुढे कित्येक दिवस सांगत होते. माझ्या ओट्यावर बसून त्यांनी ती मला दोनदा सांगितली. तिने आत गेल्यावर आधीच सांगून टाकलं की गेल्या वर्षी मावशी सांगितली होती ती खोटी. त्या वर्षांत ती भट्टीवर होती.

"मग खोटं का सांगितलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला लाज वाटली," ती म्हणाली.

म्हणजे माझी लाज तिने आपल्या नावावर घेतली. डॉक्टर हे कौतुकाने सांगत होते आणि मी ओट्यावरच्या फरशीची चीर बघत होतो.

मग त्यांनी भट्टीबद्दल विचारलं. ती म्हणाली की ओल्या विटा उन्हात पलटायचं काम लहान मुलांना देतात, कारण त्या रांगांमधून मोठं पाऊल पडलं तर विटा मोडतात. ती पाचव्या वर्षापासून पलटत होती. वसतिगृहातली गेल्या वर्षीची मुलं का पळाली, हे तिला विचारलं. त्यांच्यातली अकरा मुलं पहिल्या महिन्यातच पळून भट्टीवर गेली होती आणि संस्थेला कारण कळलेलं नव्हतं. जेवण बरं होतं, मारहाण नव्हती.

ती म्हणाली, "तीं आईकडे नाय पळत. भट्टीवर धाकट्या भावंडाला सांभाळायचा काम त्यांचा असतो. इथे रिकाम्या हातांनी बसतात न् तिकडे धाकट्याला कोण बघतो ह्याचा घोर लागतो. एकेका मोठ्या पोराकडे एकेक लहान द्या. त्याला जेवायला घालणं, त्याची पाटी बघणं ह्यांच्याकडे. मग नाय पळायचीं."

कमजोरी विचारल्यावर म्हणाली की मला राग लवकर येतो आणि कागद भरायला वेळ लागतो. हेच काम का हवं, तर म्हणाली की मला भट्टीवर परत जायचं नाही आणि दुसऱ्या कुणीही जाऊ नये असं वाटतं. शेवटी तिला काही विचारायचं आहे का, म्हटल्यावर तिने विचारलं, "पोरांना घरी फोन लावून देणार का? आठवड्याला की महिन्याला?" डॉक्टर म्हणाले की ह्याचा विचारच आम्ही केला नव्हता, आम्ही एकमेकांकडे बघत बसलो.

"अण्णा," ते उठता उठता म्हणाले, "तुमची मेहनत वाया गेली नाही."

मी हात जोडले. त्यांनी तो विनय समजला.

दिवाळीनंतर ट्रक आला तेव्हा तिची आईही गेली नाही, तीही गेली नाही. बाप एकटा गेला, रोजंदारीवर, आणि दोन वर्षांनी त्यानेही सोडलं.

माझ्या शिकवण्याचं जे काही बरं झालं ते ह्यानंतर. मी पुस्तक बाजूला ठेवलं. मुलगा आला की ती लाकडी खुर्ची त्याला द्यायचो आणि सांगायचो की वर्षभर तू काय काय करतोस ते मला सांग, सकाळपासून. मग त्यातूनच उत्तरं निघायची. जो मुलगा भट्टीवर नवराबायकोंच्या चार जोड्यांच्या विटांचा हिशेब तोंडी ठेवायचा त्याला ‘जबाबदारीचं काम केलं आहे का’ ह्या प्रश्नाला दुसरीकडे कुठे शोधायला जायचं कारण नव्हतं. जी मुलगी पहाटे पाण्याला जाऊन, स्वयंपाक करून मोखाड्याचा वर्ग गाठायची तिला वेळ कसा सांभाळता ह्याचं उत्तर शिकवावं लागलं नाही. तिला फक्त हे उत्तर आहे एवढं सांगावं लागलं. खंडाबद्दल विचारलं तर सरळ सांगायचं, त्या काळात काय शिकलो ते सांगायचं, आणि रडगाणं न लावता थांबायचं. येत नसेल ते येत नाही म्हणायचं. कमजोरी खरी सांगायची आणि तिच्यावर काय करतो तेही सांगायचं. आणि शेवटी एक प्रश्न विचारायचा, जो आपल्याला खरोखर पडलेला असेल. मुलं लागत गेली. पोलिसात, दवाखान्यांत, बँकेत, एक मुलगी तर पंचायत समितीत.

लागलेली मुलं पेढे आणायची, पाया पडायची. मी म्हणायचो, तुमचं तुम्हीच केलंत. ह्यात विनय नव्हता. त्या पेढ्यांवर नाव वांगणीच्या एका मुलीचं होतं आणि ते मी कोणाला सांगत नव्हतो. शिकायला यायची ती निम्मी मुलं तर तिनेच पाठवलेली असायची. दारात उभी राहून म्हणायची, "मोखाड्याच्या ताईंनी पाठवलंय. म्हणाल्या, बाबा चांगलं शिकवतात."

तिने माझं खोटं सांभाळलं आणि वर माझ्याकडे मुलं पाठवली. म्हातारपणी माणसाला काही काम असावं, कोणीतरी दार वाजवावं, हे सुख मला तिच्यामुळे मिळालं. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला ठाण्याला जो कंपाउंडर रात्रंदिवस उभा होता तो तिच्या वसतिगृहात वाढलेला. देवाचे आभार मी रोज मानतो, पण मनातल्या मनात हात मोखाड्याच्या दिशेने जोडलेले असतात.

दोन वर्षांपूर्वी बायको आजारी होती. तिने एकदा हात धरून सांगितलं, "आता तरी जाऊन बोला. मी बरी होऊन विचारणार आहे." ती बरी झाली. म्हणून मला जावं लागलं.

मोखाड्याचा बाजाराचा दिवस होता. जीपमध्ये मी पुढे बसलो आणि सगळ्या वळणांवर वाक्य पाठ करत गेलो. शब्द कमी करत आणले होते. मुलांना सांगायचो तसंच, आधी मुख्य गोष्ट, मग कारण, मग थांबायचं.

वसतिगृहाच्या अंगणात मुलं जेवायला बसली होती. प्रत्येक मोठ्या मुलाच्या शेजारी एक लहान. एक नऊ-दहा वर्षांची मुलगी एका चिमुरड्याच्या ताटातली भाकरी कुस्करून देत होती आणि त्याला दटावतही होती. त्यांची ताई आतून आली. आता तिला चष्मा आहे, अंगाने भरली आहे. मला बघून धावत आली, पाया पडली, खुर्ची आणायला लावली. मुलांचं जेवण झाल्यावर तिने सगळ्यांना माझ्यासमोर बसवलं.

"हे जव्हारचे बाबा. मला बोलायला ह्यांनी शिकवलं."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग कळलं की पाहुणा आला की त्याला प्रश्न विचारायचे, अशी तिथली पद्धत तिने पाडली आहे. मुलांना मोठ्यांना प्रश्न विचारायची सवय लागावी, म्हणजे उद्या कोणी त्यांना विचारलं तर घाबरणार नाहीत, असं तिचं म्हणणं. एकाने माझं गाव विचारलं. एकाने विचारलं, तुमी जगायला कुठं जायचात? मी म्हणालो, कचेरीत. सगळी हसली. मग ती भाकरी कुस्करणारी मुलगी उभी राहिली.

"बाबा, तुमी आज का आलात?"

त्यांची ताई माझ्या खुर्चीमागे उभी होती. पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं. चाळीस मुलं वर बघत होती.

"सहज," मी म्हणालो. "भेटावंसं वाटलं."

मुलगी खाली बसली. तिचं समाधान झालेलं दिसलं नाही.

निघताना ती जीपपर्यंत आली. नागलीच्या पापडांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि जीपच्या दाराला धरून उभी राहिली, जरा जास्तच वेळ. काही विचारायचं आहे का, असं मी विचारू शकलो असतो. ती म्हणाली, "बाबा, तुमी दगदग करून नका येत जाऊ. मी येते ना दिवाळीला." ड्रायव्हरने जीप चालू केली. मी पिशवी सांभाळून बसलो.

ती दिवाळीला आली, त्याच्या पुढच्या दिवाळीलाही आली. बायकोने दोन्ही वेळा आम्हांला खोलीत सोडून मुद्दाम आत स्वयंपाकघर गाठलं. आम्ही पावसाबद्दल बोललो, मुलांच्या निकालाबद्दल बोललो. डॉक्टर आता हयात नाहीत. त्यांना सांगायचं होतं ते राहूनच गेलं.

ही पानं बायको मोखाड्याला तिच्याकडे पाठवणार आहे. मी नको म्हटलेलं नाही. तरी जीपमध्ये पाठ केलेलं इथे उतरवून ठेवतो, कारण ते तिच्यासमोर बसून बोलायचं होतं आणि ते मला जमलं नाही.

पोरी, मावशीचं खोटं माझं होतं. भट्टीचं सांगू का, असं तू मला विचारलं होतंस आणि मी नको म्हणालो. डॉक्टरांनी मला विचारलं तेव्हा मला माहीत नाही असं सांगितलं आणि तुला त्या गाडीत बसू दिलं. चौकात तू नमस्कार केलास तो मी बघितला होता. चप्पल तुटली नव्हती. मला माफ कर.